हुजूर दफ्तरातील कारकून आणि मोडीचे वळण

(इतिहास, भाषा व हस्ताक्षर या तीन विषयांची सांगड घालणारा अभ्यासपाठ)

मूल खांद्याला दप्तर अडकवून शाळेत येते. गुरुजी त्याला कित्ता गिरवावयास देतात, आणि अक्षर सुधारू लागले म्हणजे 'वळण बरे आहे' असे म्हणतात. गावातील संस्थेला चिटणीस असतो. कचेरीत मसुदा तयार होतो. पत्रावर पत्ता लिहिताना आरंभी 'मु.' हे अक्षर येते. हे शब्द इतके नित्याचे झाले आहेत की ते कोठून आले याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः हे सर्व शब्द लेखणीवर उपजीविका करणाऱ्या एका वर्गाच्या नित्य व्यवहारातील आहेत. तो वर्ग म्हणजे मराठी राज्यातील कारकुनांचा. त्यांनी राज्याचे कागद शतकानुशतके मोडी लिपीत लिहिले. ही विद्या ते कशी शिकले, ती कोणापुरती राहिली, ती का लोपली आणि तिच्या लोपामुळे आजच्या शाळेवर कोणते कर्तव्य येऊन पडले, हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. लेखकांचा वर्ग

युरोपातील काही शहरांत लेखकांचे रीतसर संघ होते. लंडनच्या दस्तऐवज लिहिणाऱ्यांच्या संघाला १३७३ साली स्वतःचे नियम मिळाले होते. महाराष्ट्रात अशी लेखी घटना असलेला संघ नव्हता. तथापि संघाची बहुतेक लक्षणे येथील कारकुनांच्या वर्गात दिसतात. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. नवख्याला जुन्या कारकुनाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. अक्षराची ठराविक वळणे होती, आणि पत्रे व हिशेब कसे लिहावेत हे सांगणारी 'मेस्तक' नावाची मार्गदर्शक टिपणे होती.

या वर्गात कामाची वाटणी स्पष्ट होती. पत्रव्यवहार पाहणारा तो चिटणीस, हिशेबाचे कागद सांभाळणारा तो फडणीस, हिशेब तपासणारा तो मुजुमदार, खजिन्याशी संबंध असलेला तो पोतनीस. गावपातळीवर हेच काम कुलकर्णी करी. शेतसारा, पीक, जमीन, देणे-घेणे यांची नोंद त्याच्याच लेखणीने होई.

शिवकालातील या वर्गाचा सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे बाळाजी आवजी चिटणीस. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. महाराजांनी एक पत्र लिहिण्यास सांगितले होते, पण कामाच्या गर्दीत ते राहून गेले. महाराजांनी ते वाचून दाखविण्यास फर्माविले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून संपूर्ण पत्र अस्खलित म्हणून दाखविले. ही आख्यायिका आहे, पुरावा नव्हे, हे मुलांना सांगावे. मात्र चांगल्या चिटणिसाकडून लोकांची काय अपेक्षा होती, हे तीवरून कळते. केवळ सुंदर अक्षर पुरेसे नव्हते. शब्दांची जुळणी, दर्जानुसार मायना आणि मजकुराची स्मृती हीही हवी होती. बाळाजींचा अंत संभाजी महाराजांच्या कारकीर्दीत १६८१ साली देहदंडाने झाला. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी पुढे तेच काम निष्ठेने सांभाळले, आणि त्याच घराण्यातील मल्हार रामराव चिटणीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवछत्रपतींची बखर लिहिली. लेखणी एका घराण्यात पिढ्यानुपिढ्या कशी टिकत असे, त्याचे हे ठळक उदाहरण होय.

२. मोडी म्हणजे काय

देवनागरीस महाराष्ट्रात 'बाळबोध' म्हणत. ग्रंथ व पोथ्या बाळबोधीत लिहीत. व्यवहार मोडीत चाले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याने तेराव्या शतकात मोडी प्रचारात आणली, अशी परंपरा आहे. सर्व संशोधकांना ती मान्य नाही. बाळबोध अक्षरे मोडून, वळवून ही अक्षरे सिद्ध झाली म्हणून तिला मोडी म्हणतात, असा एक उलगडा दिला जातो.

मोडीचे सारे रहस्य वेगात आहे. बाळबोधीत प्रत्येक अक्षरासाठी लेखणी अनेकदा उचलावी लागते, आणि शब्द संपल्यावर वर रेघ द्यावी लागते. मोडी लिहिणारा प्रथम कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ शिरोरेषा ओढून घेई आणि मग त्या रेषेखाली, लेखणी शक्य तितकी कमी उचलून, अक्षरामागून अक्षर लिहीत जाई. दोन शब्दांमध्ये जागा सोडीत नसत. विरामचिन्हे नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नसत. नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे ठरलेली होती. 'राजमान्य राजश्री' याचे 'रा. रा.' आणि 'मुक्काम' याचे 'मु.' ही त्यांपैकीच होत.

लिहिण्यास बोरू वापरीत. बोरूचे टोक तिरपे कापण्यास 'कत' देणे म्हणत. कत जसा असेल तशी रेघ जाड वा बारीक उमटे. काजळ, डिंक व पाणी घोटून शाई करीत, आणि लिहून झालेल्या ओळींवर बारीक वाळू टाकून ती सुकवीत. कागद हातबनावटीचा असे. दौलताबादेजवळील कागजीपुरा व जुन्नर ही कागदासाठी नावाजलेली ठिकाणे होती.

कालानुसार अक्षराचे रूप बदलत गेले. बहमनी, शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन असे मोडीचे कालखंड अभ्यासक मानतात. पेशवाईत अक्षर अधिक गोलाकार, किंचित कललेले व रेखीव झाले, आणि चिटणिसी, बिवलकरी अशी घराण्यांवरून वा पदांवरून ओळखली जाणारी वळणे रूढ झाली. जाणकारास केवळ वळणावरून कागदाचा काळ पुष्कळदा सांगता येतो.

३. वळण कसे लागत असे

मुलाचा आरंभ धूळपाटीवर होई. फळीवर बारीक माती वा वाळू पसरून तिच्यावर बोटाने अथवा काडीने अक्षरे काढीत. 'धुळाक्षरे गिरवणे' हा वाक्प्रचार तेथूनच आला. हात बसला म्हणजे कागद व बोरू मिळे. गुरूने वा घरातील वडीलधाऱ्याने लिहिलेल्या नमुन्यावरून, म्हणजेच कित्त्यावरून, तेच ते अक्षर अनेक दिवस गिरवावे लागे. त्यानंतर उमेदवारी. उमेदवार मुलगा कचेरीत वा फडावर बसून जुन्या कागदांच्या नकला करी. नकला करता करता मायने, संक्षेप, हिशेबाच्या रीती व कालगणना त्याच्या अंगवळणी पडत.

या शिक्षणात एक मर्म होते. अक्षर ही जन्मजात देणगी आहे, असे तेथे मानीत नसत. ती हाताची सवय असून नमुना, नित्य सराव व थोरांची देखरेख या तीन गोष्टींनी ती लागते, अशी समजूत होती. 'याचे अक्षरच वाईट' म्हणून एखाद्या विद्यार्थ्यास सोडून देणाऱ्या शिक्षकाने हे मर्म ध्यानात घ्यावे.

४. कागदाची शिस्त

मराठी राज्यातील पत्र कसेही लिहिले जात नसे. माथ्यावर देवतेचे नाव, नंतर ज्याला पत्र जावयाचे त्याच्या दर्जास साजेसा मायना, नंतर मजकूर, शेवटी 'बहुत काय लिहिणे' यासारखे समाप्तीचे शब्द, आणि अगदी अखेरीस मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का, असा क्रम असे. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' ही अक्षरे होती. पेशवाईतील मोर्तबावर 'लेखनसीमा' हा शब्द येतो. दोहोंचा आशय एकच : लेखनाची मर्यादा येथे संपली. हा शिक्का शोभेसाठी नव्हता. त्यानंतर कोणी एक ओळही वाढविली तर ती खोटी ठरे. शिरोरेषेखाली शब्द सलग लिहिले गेल्याने मध्येच नवा शब्द घुसविणेही अवघड होई.

हुंडीतही अशीच दक्षता घेत. रक्कम आकड्यांत लिहीत, अक्षरांत लिहीत, आणि शिवाय तिची निमपटही नमूद करीत. शंभर रुपयांची हुंडी असेल तर 'निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर' असा उल्लेख येई. कोणी आकड्यापुढे शून्य वाढविले तरी निमपट त्याची लबाडी उघडी पाडी. गणिताच्या तासाला हे उदाहरण मुलांना फार आवडते.

कालगणनेसाठी शुहूर सन वापरीत. तो मृग नक्षत्राच्या आरंभी, म्हणजे शेतीच्या हंगामाबरोबर सुरू होई, आणि त्याचा आकडा अरबी संख्याशब्दांत, एकं स्थानापासून लिहीत. 'इसन्ने अर्बैन मया व अलफ' याचा अर्थ दोन, चाळीस, शंभर व हजार, मिळून ११४२. शुहूर सनात ५९९ मिळविले की तो सन ज्या इसवी सनात सुरू झाला तो वर्ष मिळतो. जानेवारीपासून पुढील मृगापर्यंतच्या तारखांसाठी ६०० मिळवावे लागतात. म्हणून वरील कागद १७४१-४२ चा ठरतो.

५. पुण्याचे हुजूर दफ्तर

पेशवाईत या लेखकवर्गाचे सर्वांत मोठे केंद्र पुण्याचे हुजूर दफ्तर हे होते. तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत असत. चालू व्यवहाराचे 'चालते दफ्तर' आणि निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकत्र ठेवणारे 'एकबेरीज दफ्तर' हे त्याचे प्रमुख विभाग होते. कागदांचे गठ्ठे चौकोनी कापडात बांधून ठेवीत. अशा गठ्ठ्यास 'रुमाल' म्हणतात. नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था अत्यंत काटेकोर होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती शिथिल झाली.

१८१८ साली पेशवाई संपली, पण दफ्तराचे महत्त्व संपले नाही. कोणाची जमीन इनाम, कोणाचे वतन खरे, हे ठरविण्यास इंग्रज सरकारलाही याच कागदांचा आधार घ्यावा लागला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाल्यावर तर एका जुन्या सनदेवर एखाद्या घराण्याचे भवितव्य अवलंबून राहू लागले. आज हे कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. हजारो रुमालांत बांधलेल्या कागदांची संख्या कोटींच्या घरात सांगितली जाते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या वाड्यांतून कागद मिळवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली. तिचा पहिला खंड १८९८ सालचा आहे. तरीही बहुसंख्य कागद अजून अप्रकाशितच आहेत.

६. कोंडलेली विद्या

या इतिहासाची दुसरी बाजू मुलांपासून लपवू नये. लेखणी मूठभर घराण्यांच्या हाती होती. शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नसे. कुलकर्ण्याने काय लिहिले आणि काय वाचून दाखविले, यावर त्याला विश्वास ठेवावा लागे. प्रामाणिक कुलकर्णी असतील तेथे गाव सुखी राही. नसतील तेथे निरक्षर माणूस नाडला जाई. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात या नाडणुकीचे विदारक वर्णन केले आहे. विद्या एका वर्गात कोंडून राहिली म्हणजे ती विद्या न राहता सत्ता होते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच त्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ पासून शाळेचा मार्ग धरला.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले. या दोन निर्णयांचा संबंध वर्गात अवश्य दाखवावा. लेखणी वंशपरंपरेच्या हातून काढून घ्यावयाची असेल तर ती धरणारे नवे हात शाळेनेच घडवावे लागतात. पुढे मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली, आणि १ मे १९५१ पासून तो कायदा अमलात आला.

७. मोडीचा अस्त

मोडीच्या अस्ताची कारणे अनेक आहेत. छापखान्याला सुटी अक्षरे हवी असतात. मोडीचे अक्षर तर शेजारच्या अक्षराला धरून चालते. श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडून १८१० साली विल्यम केरीचा मराठी कोश छापला गेला, तथापि पुढे मराठी ग्रंथांची छपाई मुख्यतः देवनागरीतच स्थिरावली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई सरकारने कारभारासाठी बाळबोधीचा स्वीकार केला. टाइपरायटर आल्यावर हाताच्या वेगाचे महत्त्व उरले नाही. शाळांतून मोडी १९५० च्या सुमारास बंद झाली.

बाळबोधीचा स्वीकार योग्यच होता. एकच लिपी शिकून मुलाला ग्रंथही वाचता यावा आणि सरकारी कागदही वाचता यावा, ही लोकशाहीची गरज होती. परंतु एक गोष्ट राहून गेली. लेखकवर्ग मोडला तेव्हा त्याची वाचनविद्या दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन केली गेली नाही. जी विद्या घरांपुरती होती ती घरांनी व्यवसाय बदलताच नाहीशी झाली. पूर्वी शेतकऱ्याला आपला कागद वाचता येत नव्हता. आज त्या कुलकर्ण्याच्या पणतवालाही पणजोबाचा कागद वाचता येत नाही.

८. आजची निकड

हा केवळ इतिहाससंशोधकांचा प्रश्न नाही. जुने जन्ममृत्यूचे नोंदबुक, जमिनीचे कागद आणि जुन्या शाळांची दाखल-खारीज नोंदवह्या यांत मोडी नोंदी आढळतात. २०२३ साली राज्य शासनाने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा जुनी दफ्तरे उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची निकड सर्वत्र भासली. त्या प्रश्नाची चर्चा येथे प्रस्तुत नाही. तथापि एका ओळीच्या वाचनावर आजही एखाद्या कुटुंबाचे काम अडू शकते, हे त्यावरून स्पष्ट झाले. शंभर वर्षांपूर्वीची शाळा असेल तर असा कागद शिक्षकाच्या हाताखालच्या कपाटातही असू शकतो.

अनुकूल गोष्टीही आहेत. पुराभिलेख विभाग व पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ यांसारख्या संस्थांनी मोडीच्या शिक्षणाचे वर्ग चालविले आहेत. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाल्याने ती संगणकावरही लिहिता येते. ज्याला मराठी उत्तम येते त्याला नियमित सरावाने काही महिन्यांत मोडी वाचनाची वाट सापडते.

९. शिक्षकांसाठी सूचना

(अ) शाळेतील जुन्या नोंदवह्यांची यादी करावी. वहीचे वर्ष, पानांची संख्या व स्थिती एवढे नोंदविले तरी पुरे. मोडी मजकूर दिसल्यास तसा शेरा मारावा.

(आ) फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, त्यावर शाईने काही लिहू नये, ते उन्हात वाळत घालू नये. वही स्वच्छ, कोरड्या सुती कापडात बांधून ओल व वाळवी यांपासून दूर ठेवावी. रुमालाची जुनी रीत येथे आजही उपयोगी आहे.

(इ) मोडी अंदाजाने वाचून कोणास दाखला वा अर्थ देऊ नये. जाणकाराकडून वाचून घ्यावे. चुकीचे वाचन हे न वाचण्यापेक्षा अधिक घातक असते.

(ई) शाळेत मोडी शिकलेली माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत. गावात अशी व्यक्ती असल्यास तिला वर्गात सन्मानाने बोलवावे आणि फळ्यावर गावाचे नाव मोडीत लिहून घ्यावे.

(उ) हस्ताक्षराच्या तासाला आठवड्यातून एकदा बोरूने वा कत दिलेल्या बांबूच्या काडीने लिहवावे. आधी सलग शिरोरेषा, मग अक्षरे, अशी एक ओळ पुरे. हात सावकाश चालतो आणि अक्षराची उंची आपोआप सारखी येते.

(ऊ) शिवचरित्र शिकविताना मुलांकडून महाराजांच्या चिटणिसाच्या भूमिकेतून एक छोटे पत्र लिहवून घ्यावे : देवतेचे नाव, मायना, मजकूर, समाप्ती व मोर्तब या क्रमाने.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

१. मोडीत शिरोरेषा आधी का ओढीत असत?
२. पत्राच्या शेवटी मोर्तब नसेल तर कोणता धोका संभवतो?
३. अडीचशे रुपयांच्या हुंडीत 'निमे' किती लिहिले जाईल?
४. शुहूर सन ११७४ हा कोणत्या इसवी सनात सुरू झाला?
५. लेखणी थोड्याच लोकांच्या हाती राहिल्याने कोणाचे नुकसान झाले? आणि जुनी लिपी कोणालाच वाचता न आल्याने कोणाचे नुकसान होते?

पाचव्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. मुलांना त्यावर बोलू द्यावे. जुन्या लेखकवर्गाची शिस्त शाळेने घ्यावयाची आहे, त्याचे कुलूप घ्यावयाचे नाही. कारकुनाचे वळण त्याच्या मुलापुरते होते. शिक्षकाने लावलेले वळण मात्र वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाचे असते.